विकतचा घुमारा

आमच्या घरांत पैशाचा कोणताहि प्रश्न निघाला म्हणजे तो रात्रीं जेवणें झाल्यावर, ताटें उचललीं गेल्यानंतर, आईसमोर मांडावयाचा, अशी जुनी वहिवाट आहे. वाडा गेला, चौक गेला, पाटांवरची पंगत जाऊन टेबल आलें. ही वहिवाट मात्र टिकून राहिली आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या पुतण्यानें ह्या दरबारांत एक अर्ज सादर केला. शिकवण्या करून सांठविलेले साडेचार हजार रुपये त्याच्याजवळ होते. आणखी थोडे हवे होते. कशासाठीं? तर आपल्या विजेच्या गिटारीला एक 'रिव्हर्ब पेडल' घेण्यासाठीं.

"रिव्हर्ब म्हणजे काय रे?" आईनें विचारलें.

"आजी, आवाज घुमतो ना, तो घुमारा. माझ्या खोलींत गिटारीचा आवाज मेल्यासारखा येतो. हें पेडल मध्यें जोडलें आणि पायानें दाबलें, कीं मोठ्या दिवाणखान्यांत वाजविल्यासारखा येतो."

दादा, म्हणजे मुलाचे वडील, इतका वेळ वर्तमानपत्रांत डोकें घालून बसले होते. ते मान वर न करतांच म्हणाले, "म्हणजे घुमणारा वाडा होता तो पाडावयाचा, आणि मग डबींत भरलेला घुमारा दुकानांतून विकत आणावयाचा!" एवढें बोलून ते उठले आणि आपल्या खोलींत गेले.

हें बोलणें मुलाला उद्देशून नव्हतें, मला उद्देशून होतें, हें मुलाखेरीज सर्वांना समजलें.

सदाशिव पेठेंतला आमचा वाडा पडून आतां पंधरा वर्षें झालीं. तो पाडण्याची खटपट करणारा मीच. तुळया किडल्या होत्या, पावसाळ्यांत मागची भिंत फुगत होती, भाडेकरूंशीं वाद होते, हें सर्व खरें. पण बिल्डरशीं बोलणीं माझीं, आणि कागदावर पहिली सही माझी, हेंहि खरेंच. दादांनीं सही सर्वांच्या शेवटीं केली. ते तरुणपणीं भारत गायन समाजांत गाणें शिकले होते. भास्करबुवा बखल्यांनीं १९११ सालीं स्थापन केलेल्या त्या संस्थेंतून आले, कीं चौकाच्या कडेच्या ओसरीवर तंबोरा घेऊन बसत. पुढें नोकरीच्या दिवसांतहि पहांटेचा तो नेम त्यांनीं मोडला नाहीं. नव्या जागेंत आल्यावर महिनाभर ते बसले. मग एके दिवशीं "येथें आवाज भिंतींत मरतो" म्हणाले, आणि तंबोऱ्याला गवसणी घातली. ती अद्याप आहे. घरांत त्याविषयीं कोणी बोलत नाहीं.

तेव्हां हा प्रश्न केवळ पेडलाचा राहिला नाहीं. मीं मुलाला सांगितलें, "कमी पडतील ते पैसे मी घालतों, आणि दुकानांतहि येतों. मात्र आपण काय विकत घेत आहोंत तें आधीं नीट समजून घेऊं." जन्मभर भौतिकशास्त्र शिकविलेल्या माणसाची ही खोड आहे, घरच्यांनीं ती आतां सहन करावयास शिकलें पाहिजे.

आपण टाळी वाजविली, कीं तिचा आवाज कानावर एकदांच येत नाहीं. प्रथम तो थेट येतो. मग भिंती, छत, फरशी यांवर आपटून, निरनिराळ्या वाटांनीं, थोडथोड्या उशिरानें येत राहतो. आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर धांवतो. समोरची भिंत १७ मीटर दूर असेल तर त्याला जाऊन परत येण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि कान त्या परतलेल्या आवाजाला वेगळा ओळखतो. तो प्रतिध्वनि. भिंती जवळ असल्या म्हणजे शेंकडों परतलेले आवाज इतक्या दाटीनें येतात कीं कानाला ते सुटे करतां येत नाहींत. मूळ स्वराच्या मागें पडलेली एक लांबट सांवली तेवढी जाणवते. तो घुमारा.

ह्या सांवलीची लांबी मोजावयास जगाला शिकविलें तें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांतल्या वॉलेस सॅबाइन नांवाच्या तरुण अध्यापकानें. तेथील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणाला कळेना, म्हणून १८९५ सालीं तें काम त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें. त्या रिकाम्या दालनांत एक नाद विरावयास सुमारें साडेपांच सेकंद लागत. तोंवर वक्त्याचे पुढचे दहाबारा शब्द त्यावर येऊन पडत. सॅबाइननें शेजारच्या नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं आणाव्या, दालनांत मांडाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवावी, आणि नाद ऐकूं येईनासा होईपर्यंतचा काळ मोजावा, असा क्रम चालविला. निष्कर्ष साधा निघाला. जागा जितकी मोठी तितका घुमारा लांब. गाद्या, पडदे आणि माणसें जितकीं अधिक तितका तो तोकडा. १९०० सालीं उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल ह्याच हिशेबाच्या आधारानें बांधला गेला.

हाच हिशेब मीं आमच्या पुतण्याच्या खोलीला लावला. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद, नऊ फूट उंच. तींत गादी, जाड पडदे आणि कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट. घुमारा अर्ध्या सेकंदाच्याहि आंत आला. त्यांत पुन्हां विजेच्या गिटारीची तऱ्हा निराळी. साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. हिचें अंग बहुधा भरींव लांकडाचें. तारांखालीं बसविलेलीं चुंबकें तारेचें कंपन तेवढें उचलतात, खोलीशीं त्यांना कांहीं कर्तव्य नसतें. आपल्याकडील सतारीला किंवा सारंगीला तरफेच्या तारा असतात. मुख्य स्वर लागला कीं त्या आपण होऊन कांपूं लागतात, आणि वाद्य आपला घुमारा स्वतःबरोबर घेऊन फिरतें. विजेच्या गिटारीला तेंहि नाहीं. शिवाय शेजाऱ्यांच्या भीतीनें ॲम्प्लिफायर इतका लहान करून ठेवलेला, कीं त्याचा आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येईल ही आशाच नको. तेव्हां मुलाची तक्रार खोटी नव्हती. दादांचीहि पंधरा वर्षांपूर्वीं खोटी नव्हती. तेव्हां मात्र मीं वही-पेन्सिल काढली नव्हती.

नसलेली जागा आवाजाला जोडून देण्याची विद्या तशी जुनी आहे. १९४७ सालीं शिकागोंत बिल पुटनम यांनीं 'हार्मोनिकॅट्स' ह्या माउथ-ऑर्गनवादकांच्या त्रिकुटाचें मुद्रण करतांना घुमाऱ्यासाठीं चक्क स्नानगृहाचा उपयोग केला. ज्यानें स्नान करतां करतां गाऊन पाहिलें आहे त्याला ह्याचें नवल वाटूं नये. हॅमंड ऑर्गनमध्यें स्प्रिंगा बसवून तोच परिणाम साधीत. एका टोकाला आवाजाचा धक्का द्यावयाचा, तो वेटोळ्यांतून वारंवार फिरून दुसऱ्या टोकाला येतो. फेंडर कंपनीनें १९६१ सालीं अशी स्प्रिंगांची स्वतंत्र पेटी गिटारवाल्यांसाठीं काढली, आणि १९६३ पासून ती ॲम्प्लिफायरच्या पोटांतच बसविली. तिकडे पश्चिम जर्मनींत १९५७ सालीं ईएमटी कंपनीनें सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा चौकटींत ताणून त्याच्या कंपनानें घुमारा निर्माण केला. तें धूड उचलावयास चारपांच माणसें लागत. पुढें हें सारें काम गणितानें होऊं लागलें, आणि १९८७ सालीं बॉस कंपनीचें आरव्ही-२ हें पायाखालीं मावणारें पेडल आलें. आजच्या पेडलांवर 'रूम', 'हॉल', 'स्प्रिंग', 'प्लेट' अशीं नांवें आढळतात. त्यांतील पहिलीं दोन खरोखरीच्या जागांचीं. पुढचीं दोन त्या जागांची नक्कल करणाऱ्या जुन्या यंत्रांचीं. म्हणजे नकलेचीहि नक्कल आतां स्वतंत्र किंमतीला विकली जाते!

एवढी शिदोरी घेऊन एका शनिवारीं आम्ही दोघे लष्करांतील वाद्यांच्या एका दुकानांत गेलों. आपली गिटार बरोबर ने, असें मीं मुलाला बजावलें होतें. उसन्या गिटारीवर ऐकलेलें पेडल घरीं येऊन निराळें बोलतें. दुकानांतला विक्रेता स्वतः वाजविणारा होता. त्यानें तीन पेडलें पुढें मांडलीं. बॉसचें आरव्ही-६, तें आठ प्रकारचे घुमारे देणारें. त्याची किंमत मुलाच्या सांठ्याच्या तिपटीहून अधिक. बेहरिंगरचें डीआर-६००, त्यांत सहा प्रकार, सर्वांत स्वस्त, पण कवच प्लॅस्टिकचें. पायानें दाबावयाच्या वस्तूला तें कितपत पुरेल ही शंका. तिसरें मूअरचें शिमव्हर्ब, काडेपेटीहून फारसें मोठें नाहीं, कवच धातूचें, प्रकार तीनच: रूम, स्प्रिंग आणि शिमर.

मुलाची नजर अर्थातच आठ प्रकारांवर खिळली. मीं विचारलें, "ह्यांतले रोज वापरशील असे किती?" तो प्रामाणिक आहे, थोडा थांबून म्हणाला, "दोन."

मग आम्हीं परीक्षा सुरू केली. एक कॉर्ड छेडावयाची, लगेच तळहात ठेवून तारा बंद करावयाच्या, आणि मागें उरलेली शेपटी तेवढी ऐकावयाची. वाईट पेडलाची शेपटी पत्र्याच्या डब्यांत खडे हलविल्यासारखी खडखडते. चांगल्याची शेपटी कोठें संपली तें कळत नाहीं. पेडल चालू करतांच मूळ आवाज दबतो काय, तें पाहावयाचें. कांहीं न वाजवितां नुसतें चालू ठेवून त्याची स्वतःची सरसर किती आहे, तें ऐकावयाचें. बंद केल्यावर घुमारा सावकाश विरतो कीं सुरीनें कापल्यासारखा तुटतो, हेंहि पाहावयाचें. गीताच्या मध्यें बंद-चालू करणाऱ्याला तो फरक बोंचतो. विजेचीहि चौकशी केली. हीं यंत्रें बहुधा नऊ व्होल्टवर चालतात. गणिताचें काम असल्यामुळें वीज बरीच खातात, नऊ व्होल्टची बॅटरी लौकर संपते, आणि अगदीं लहान पेडलांत बॅटरीला जागाच नसते. म्हणून ॲडॅप्टरची किंमत आधींच हिशेबांत धरावी. त्याच्या टोकाचा ऋण ध्रुव आंत आहे कीं बाहेर, तें पेडलावरच्या खुणेशीं ताडून घ्यावें. घरांतला कोणतातरी जुना ॲडॅप्टर लावला तर गुणगुण ऐकूं येईल, नाहींतर यंत्रच जळेल.

शेवटीं त्या विक्रेत्यानें जें सांगितलें तें मला सर्वांत मोलाचें वाटलें. "काका, येथें येणारा प्रत्येकजण नॉब पूर्ण फिरवून जास्तींत जास्त घुमारा किती होतो तें पाहतो. कमींत कमी ठेवला तर कसा लागतो, तें कोणी पाहत नाहीं. वाजवावयाचें तर असतें कमीवरच." आम्हीं तिन्ही पेडलें नॉब जवळजवळ बंद ठेवून ऐकलीं. आठ प्रकारांचें तें महाग पेडल तेथेंहि चांगलेंच होतें, हें कबूल केलें पाहिजे. पण तीन प्रकारांचें त्याच्या फार मागें नव्हतें. ॲडॅप्टर धरून मला दोन-अडीच हजारांची भर घालावी लागली. मुलानें तीं रक्कम वहींत कर्जाऊ म्हणून लिहून ठेवली.

पहिला आठवडा घरांत नुसता कल्लोळ होता. 'शिमर' म्हणून जो प्रकार आहे, त्यांत घुमाऱ्याला वरच्या सप्तकाचा स्वर चिकटून येतो. मुलानें तो लावला, लांबीचा नॉब शेवटपर्यंत फिरविला, आणि दार लावून घेतलें. मग एके दिवशीं आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "अरे, हा हौदांत बसून वाजवतोय कां?"

आम्ही सगळे हंसूं लागलों. मुलाला कांहीं कळेना. मग आईनें त्याला हौद सांगितला. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पुण्यांतल्या हौदांत आणलें होतें. आमच्याहि चौकांत एक हौद होता. तो उपसून कोरडा केला, कीं आम्ही मुलें त्यांत डोकें घालून एकमेकांच्या नांवानें हांका मारीत असूं. "गम्मत दोन मिनिटांची," आई म्हणाली, "हांक कोणाची तें मात्र कळावयाचें नाहीं." त्या दिवसापासून आमच्या घरांत पेडलाच्या त्या प्रकाराला 'हौद' असेंच नांव पडलें.

दादा हंसले नव्हते. पण त्याच संध्याकाळीं ते मुलाच्या दाराशीं जाऊन उभे राहिले. "तें बंद कर," ते म्हणाले. मुलानें पेडल बंद केलें. "आतां तेंच वाजव."

मुलगा वाजवूं लागला, आणि जें आठ दिवस कोणाला ऐकूं आलें नव्हतें तें सर्वांना ऐकूं आलें. स्वर एकसारखे पडत नव्हते. एक लौकर, एक उशिरां, मधला एक जेमतेम लागलेला. घुमाऱ्यानें सगळ्यांवर एकच पांघरूण घातलें होतें. दादा खाटेवर बसले आणि मांडीवर बोटांनीं मात्रा देऊं लागले. "घुमारा स्वराच्या मागून यावयाचा असतो," ते म्हणाले, "स्वराच्या जागीं नाहीं." त्यानंतर तीन आठवडे पेडल खोक्यांत राहिलें. रोज रात्रीं साडेआठला बाप खाटेवर आणि मुलगा खुर्चीवर. गिटारीविषयीं दादांना कांहीं माहीत नाहीं. लयीविषयीं मात्र माहीत आहे.

तीन आठवड्यांनीं दादा आपण होऊन म्हणाले, "लाव बघूं तें आतां. हौद नको." मुलानें 'रूम' लावून वाजवावयास सुरुवात केली, आणि दादांनीं स्वतः वांकून तीं नॉब हळूहळू फिरविलीं. लांबी कमी केली. प्रमाण कमी केलें, आणखी कमी केलें. "थांब. एवढाच. चौकांत एवढाच असे."

मी दारांत उभा होतों. नॉबकडे पाहिलें, तो तें जेमतेम बंदच्या पुढें सरकलें होतें. माझ्या मनांत पुन्हां सॅबाइनचा हिशेब सुरू झाला. चौकाला तर वर आभाळ होतें. वर गेलेला आवाज परत येण्याची सोय नव्हती. चार बाजूंच्या भिंती देतील तेवढाच घुमारा. म्हणजे ज्या घुमाऱ्याच्या पायीं पंधरा वर्षें आम्ही दोघे भाऊ एकमेकांशीं मोकळेपणें बोललों नाहीं, तो मुळांत एवढाच होता. ह्या बोटभर डबींतून निघतो तितकाच! मग नव्या जागेंत दादांचा स्वर मेला तो कशानें?

तेव्हां मला ओसरी आठवली. दादांनीं षड्ज लावला, कीं वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खिडकी उघडीत. आजोबा माजघरांतून "हं" म्हणत. आई चुलीपुढून एखादी जागा पुन्हां म्हणावयास सांगे. समोरच्या सोप्यावरचे एक वृद्ध गृहस्थ समेवर मान डोलवीत, आणि दादा त्या मानेकडे पाहूनच पुढची तान घेत. सॅबाइनच्या कोष्टकांत माणूस आवाज शोषून घेतो, आणि तें शास्त्र म्हणून अगदीं बरोबर आहे. पण आमच्या वाड्यांत आवाज परत देत तीं माणसेंच. नव्या घरांत आम्हीं प्रत्येकाला स्वतंत्र खोली दिली, प्रत्येक खोलीला दार लावलें, आणि पहिल्या महिन्यांत दादा पहांटे गावयास बसले तेव्हां कोणाची झोंप मोडूं नये म्हणून तें दार घट्ट लावून घेतलें. तें लावणारांत मीहि होतों. वाडा पाडल्याचा मला आजहि पश्चात्ताप नाहीं. तुळया खरोखरच किडल्या होत्या. पण दार लावल्याचा आहे. तें मला कोणत्याहि बिल्डरनें सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं दादांनीं ठरविलेल्या जागेवर, नॉबच्या कडेला, आपल्या डबींतली एक लहान लाल टिकली चिकटवून दिली. चुकून धक्का लागला तरी जागा सांपडावी म्हणून. मुलाचे मित्र येतात तेव्हां तो नॉब पूर्ण फिरवून त्यांना हौद ऐकवितो. ते गेले कीं पुन्हां टिकलीवर आणून ठेवतो.

एखाद्या वाचकाच्या घरींहि असा अर्ज आला तर थोडक्यांत सांगतों. प्रकार मोजूं नका, रोज लागतील ते दोन नीट ऐका. आपली गिटार घेऊन जा. नॉब कमी ठेवून पारखा. ॲडॅप्टरचे पैसे वेगळे धरा. आणि यंत्र घरीं आल्यावर पहिला महिना तें खोक्यांत राहूं द्या. एवढें केलें तर स्वस्तांतलें पेडलहि पुष्कळ दिवस पुरतें.

दादांनीं तंबोऱ्याची गवसणी अद्याप काढलेली नाहीं. ती काढा असें म्हणण्याचा मला अधिकार आहे असें वाटत नाहीं, म्हणून मीं म्हटलेलें नाहीं. पण रात्रीं साडेआठला आतां आमच्याकडे कोणी दार लावीत नाहीं. मुलगा वाजवितो; एखादी ओळ साधली म्हणजे पलीकडच्या खोलींतून दादांचें "हं" ऐकूं येतें. त्यासाठीं तो क्षणभर थांबतो. वाचतां वाचतां मीहि थांबतों.